घाटमाथ्यावरचे संग्रहालय

मुरबाड-शहापूरकडच्या शाळांत सातवाहनांचा धडा आला की शिक्षकांपुढे प्रश्न पडतो : मुलांना दाखवायचे काय? संग्रहालय पाहायला मुंबईच गाठायला हवी का?

हसमुख सांकलिया 1930 नंतरच्या दशकात शिकायला लंडनला गेले, तेव्हा तिथे ‘लंडन म्युझियम’चे प्रमुख होते मॉर्टिमर व्हीलर. हे संग्रहालय जगभरच्या नवलाईचे नव्हते. लंडन या एका शहरात माणसे कशी राहत आली, एवढेच ते सांगे. व्हीलर 1934 ते 1937 या काळात डॉर्सेट परगण्यात मेडन कॅसल या टेकडीवर उत्खनन करीत होते. सांकलियांनी तिथे प्रत्यक्ष कामाचे धडे घेतले. तिथे निघालेल्या वस्तू जवळच्याच डॉर्चेस्टरच्या संग्रहालयात ठेवल्या गेल्या.

सांकलिया 1939 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. 1945-46 मध्ये त्यांनी मोरेश्वर दीक्षितांसह कोल्हापूरची ब्रह्मपुरी खणली. ब्रह्मपुरीच्या वस्तूंसाठी कोल्हापुरातच संग्रहालय उभे राहिले. पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्रह्मपुरीत सापडलेली छोटी कांस्यमूर्तीही त्या संग्रहात आहे.

समुद्रदेव कोल्हापूरला कसा पोचला? परदेशी माल कोकणच्या बंदरांत उतरे आणि घाटांनी देशावर जाई. असाच एक घाट मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याजवळून चढतो. तो नाणेघाट. कल्याणहून जुन्नरकडे जाणारी ही जुनी व्यापारी वाट. माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गायी, हत्ती, घोडे आणि नाणी यांचा हिशेब त्यात आकड्यांनी मांडला आहे. भगवानलाल इंद्रजी यांनी 1876 मध्ये या आकड्यांवर निबंध प्रसिद्ध केला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे अंक गणिताच्या तासालाही उपयोगी पडतील.

इथला 4 अधिकच्या चिन्हासारखा दिसतो. 10, 100 आणि 1000 यांना वेगळी चिन्हे आहेत. 100 च्या चिन्हाला 4 जोडला की 400 होतात, 1000 च्या चिन्हाला जोडला की 4000. मुलांना विचारा : या पद्धतीत 404 कसे लिहाल? 400 चे चिन्ह, पुढे 4 चे. झाले! मधे रिकामी जागा राहतच नाही, म्हणून शून्याची गरजही पडत नाही. आपल्या पद्धतीत मात्र अंकाची किंमत त्याच्या स्थानावर ठरते. शून्य गाळले तर 404 चे 44 होतात. शून्याने काय साधले, हे असे हिशेब करून पाहिले की चटकन कळते.

लेखाची अक्षरे झिजली आहेत. खडूने ती गिरवू नका, भिंतीला हात लावू नका. वहीत चिन्हे उतरवून घ्या आणि वर्गात त्यांचा तक्ता लावा. परगावच्या संग्रहालयातून शिकायचे ते हेच : वस्तू जिथली आहे, तिथल्या माणसांना ती वाचता आली पाहिजे. आपल्या मुलांना नाणेघाट वाचता येतो का?