लेओं (चित्रपट)

लेओं हा १९९४ साली प्रदर्शित झालेला, इंग्लिश भाषेतील फ्रेंच गुन्हेगारीपट आहे. लेखन व दिग्दर्शन ल्युक बेसों यांचे असून ज्याँ रेनो, नॅटली पोर्टमन, गॅरी ओल्डमन व डॅनी आयेलो यांच्या प्रमुख भूमिका आहेत. अमेरिकेत तो 'द प्रोफेशनल' या नावाने प्रदर्शित झाला.

कथानक

न्यूयॉर्कमधील लेओं हा सुपारी घेऊन खून करणारा एकाकी, निरक्षर इसम आहे. स्त्रिया व मुले यांना मारायचे नाही, हा त्याचा नियम. दूध पिणे आणि कुंडीतल्या एका रोपाची निगा राखणे एवढाच त्याचा विरंगुळा. शेजारची बारा वर्षांची मटिल्डा बाहेर गेलेली असताना, अमली पदार्थविरोधी विभागातील भ्रष्ट अधिकारी स्टॅन्सफील्ड तिच्या कुटुंबाची हत्या घडवून आणतो. परतलेली मटिल्डा स्वतःच्या दारावरून न थांबता पुढे जाते व लेओंची घंटा वाजवते. क्षणभर घुटमळून तो दार उघडतो. धाकट्या भावाच्या खुनाचा सूड घेण्यासाठी ती त्याच्याकडून शस्त्रविद्या शिकू पाहते आणि त्याला अक्षरे शिकवते. अखेर पोलिसांच्या वेढ्यातून तिला बाहेर काढून लेओं स्टॅन्सफील्डसह मरण पत्करतो. मटिल्डा शाळेत परतते आणि ते रोप जमिनीत लावते.

निर्मिती

बेसों यांच्या 'निकिता' (१९९०) या चित्रपटात रेनो यांनी रंगवलेल्या व्हिक्टर या पात्रातून लेओंची कल्पना पुढे आली. पोर्टमन यांचा हा पहिलाच चित्रपट होय. त्यांच्या पालकांनी धूम्रपानाच्या दृश्यांबाबत अटी घातल्या होत्या. छायाचित्रण तिएरी आर्बोगास्त यांचे, तर संगीत एरिक सेरा यांचे आहे. शेवटच्या श्रेयनामावलीत स्टिंग यांचे गीत वाजते.

आवृत्त्या व वाद

मटिल्डा लेओंवरील प्रेम बोलून दाखवते; लेओं त्याला प्रतिसाद देत नाही. अमेरिकेतील चाचणी-प्रेक्षकांना हा भाग खटकल्याने काही दृश्ये वगळण्यात आली. मूळ आवृत्ती सुमारे ११० मिनिटांची आहे. वगळलेली दृश्ये असलेली सुमारे १३३ मिनिटांची आवृत्ती १९९६ मध्ये आली. तीत मटिल्डा लेओंबरोबर कामगिरीवरही जाते. त्यामुळे तो तिला वाचवतो की आपल्याच मार्गाला लावतो, हा प्रश्न अधिक तीव्र होतो. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी शैलीची दखल घेतली, मात्र अशा कथेत लहान मुलीला गोवण्याविषयी अस्वस्थता व्यक्त केली. पोर्टमन यांनीही पुढे चित्रपटाविषयी जिव्हाळा व संकोच या दोन्ही भावना बोलून दाखवल्या आहेत.

प्रभाव

चित्रपटाला सेझार पुरस्कारांसाठी सात नामांकने मिळाली. गुड्डू धनोआ दिग्दर्शित 'बिच्छू' (२०००) हा बॉबी देओल व राणी मुखर्जी यांचा हिंदी चित्रपट याच कथेवर बेतलेला आहे. त्यात मात्र नायिका लहान मुलगी नसून तरुणी आहे. त्यामुळे मूळ कथेतील संरक्षक व बालक हे नाते तेथे प्रेमकथेत बदलते.