संकासुराचा काळा पोशाख

देवगड तालुक्यात जत्रेच्या रात्री दशावतार उभा राहिला, की आरंभीच्या आडदशावतारात संकासुर येतो. अंगात काळा पोशाख, मुखी मालवणी बोली, आणि जिभेला हाड नाही. वेद पळवणारा हा असुर देवाधर्माची यथेच्छ थट्टा करतो आणि दर्शनाला आलेला भाविक पोट धरून हसतो. संकासुराचे बोलणे म्हणजे धर्मवचन, असा समज तेथे कोणाचाही होत नाही. हा कोण आहे हे त्याचा पोशाखच सांगतो. आणि थोड्याच वेळात विष्णू त्याचे पारिपत्य करणार, हेही लहानथोरांना ठाऊक असते.

याच तालुक्यातील पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचे गाव. 6 जानेवारी 1832 रोजी त्यांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केले आणि मराठीत वृत्तपत्रांचे युग अवतरले. छापील अक्षराने समाजाला पुष्कळ दिले, पण बोलणाऱ्याचा पोशाख मात्र त्याने दृष्टीआड केला. कागदावर संकासुर आणि विष्णू एकाच शाईत उमटतात. आपल्या अलंकारशास्त्रात व्याजस्तुती नावाचा अलंकार आहे. वरवर स्तुती, आत निंदा. तो कळण्यासाठी बोलणाऱ्याचे मन ओळखावे लागते. ते ओळखता आले नाही तर काय घडते, याचा अत्यंत कटू अनुभव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्तसभेने घेतला. त्या प्रकरणाचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोहोचतो. म्हणून ते येथे थोडे विस्ताराने सांगणे उचित वाटते.

असा प्रकार त्यापूर्वीही घडला होता. 1702 साली इंग्लंडमध्ये डॅनियल डिफो याने एक निनावी पुस्तिका काढली. राजमान्य चर्चपासून वेगळे राहणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथीयांचा निःपात करावा, असे तिचे प्रतिपादन होते. डिफो स्वतः त्याच पंथीयांपैकी एक होता. कडव्या धर्माभिमान्यांच्या भाषेची नक्कल करून तिचे क्रौर्य उघडे पाडावे, हा त्याचा हेतू. परंतु काही धर्माभिमान्यांनी ती पुस्तिका आपल्याच माणसाची म्हणून उचलून धरली, आणि ज्यांच्या बाजूने ती लिहिली होती ते घाबरून गेले. खरा लेखक उघडकीस आल्यावर 1703 च्या जुलैमध्ये डिफोला तीन दिवस भर चौकात खोड्यात उभे केले गेले. नक्कल इतकी हुबेहूब वठली होती, की ती नक्कल आहे हेच कोणाच्या ध्यानात आले नाही.

डिफोच्या नकलेमागे निदान एक न्याय्य तळमळ होती. मार्सेयच्या गाब्रिएल जोगां-पाजेसची गोष्ट वेगळी. 1854 साली जन्मलेला हा गृहस्थ येशूसंघीयांच्या शाळेत शिकला आणि पुढे 'लिओ टॅक्सिल' या नावाने त्याने ख्रिस्तसभेवर, बायबलवर आणि पोप महोदयांवर अश्लाघ्य विडंबने लिहून पैसा मिळवला. थापा मारणे हा त्याचा जुना छंद. मार्सेयच्या बंदरात शार्क मासे शिरल्याची आवई त्याने तरुणपणीच उठवली होती.

20 एप्रिल 1884 रोजी तेरावे लिओ यांनी फ्रीमेसन संघटनेविरुद्ध परिपत्रक काढले. पुढच्याच वर्षी टॅक्सिलने आपले मनपरिवर्तन झाल्याचे जाहीर केले. पश्चात्तापदग्ध पापी परत आला म्हणून कॅथलिक जगताला हर्ष झाला, आणि त्यात वावगे काहीच नव्हते. उधळ्या पुत्राच्या घरी मेजवानीच व्हावयाची. मग फ्रीमेसनांची गुपिते सांगणारी त्याची पुस्तके एकामागून एक निघू लागली. 1887 साली पोप महोदयांनी त्याला भेट दिली.

धीर चेपल्यावर थापाही फुगत गेल्या. 1892 पासून 'डॉ. बाताय' या टोपणनावाने, कार्ल हॅक्स नावाच्या डॉक्टराच्या सहकार्याने, 'एकोणिसाव्या शतकातील सैतान' हा ग्रंथ क्रमशः प्रसिद्ध होऊ लागला. अमेरिकेतील चार्ल्सटन शहरात अल्बर्ट पाइक यांच्या नेतृत्वाखाली 'पॅलेडियम' नावाचा सैतानपूजक पंथ चालतो आणि त्याचे जाळे जगभर पसरले आहे, हे त्याचे सूत्र. पंथाच्या एका बैठकीत सैतान मगरीच्या रूपाने प्रकटतो आणि पियानो वाजवतो! या कथेतला डॉक्टर पाँडिचेरी आणि कलकत्ता येथेही सैतानी विधी पाहून येतो. पॅरिसच्या वाचकाला हिंदुस्थान इतका दूर, की तेथे काहीही घडू शकते. आपल्यापैकी कोणी ती पाने वाचली असती, तर पहिल्याच प्रकरणात लेखकाचा काळा पोशाख त्याच्या नजरेत भरला असता.

तथापि हिंदुस्थान पुरता ठाऊक असलेला एक विद्वानही या जाळ्यात सापडला. बिशप लिओ म्यूरिन हे बर्लिनमध्ये जन्मलेले येशूसंघीय 1867 ते 1886 या काळात मुंबईचे व्हिकर अपोस्टोलिक होते. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज 1869 साली त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाले. येथील धर्मविचारांवर त्यांनी अभ्यासपूर्ण व्याख्याने दिली. पुढे मॉरिशसमधील पोर्ट लुई येथे त्यांची नेमणूक झाली. 1893 साली फ्रीमेसनांना सैतानाचे उपासक ठरवणारा त्यांचा फ्रेंच ग्रंथ निघाला. त्यात टॅक्सिलच्या मालाला आधाराचे स्थान मिळाले आणि ज्यूंविषयीच्या जुन्या विद्वेषाचीही त्यात भर पडली. 1895 साली ते निवर्तले. आपण कोणावर विसंबलो, हे कळण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. टॅक्सिलने मात्र पुढे आपल्या कबुलीजबाबात या विद्वान आर्चबिशपांचा उल्लेख मोठ्या चवीने केला.

1895 मध्ये टॅक्सिलने 'डायना व्हॉन' हे पात्र पुढे आणले. ही पॅलेडियममधली बाई म्हणे धर्मात आली. तिच्या नावाने आठवणी निघाल्या, पवित्र प्रसादाविषयीची नोव्हेना निघाली, आणि रोमहून कार्डिनलांचे कृपापत्रही आले. लिझ्यूच्या कार्मेल मठातील तेवीस वर्षांच्या एका धर्मभगिनीने 1896 च्या जूनमध्ये या मनपरिवर्तनावर मठासाठी एक छोटेखानी नाटिका रचली, आणि जोन ऑफ आर्कच्या वेशातील आपले छायाचित्र डायनाला पाठवले. ही धर्मभगिनी म्हणजे आपण जिला लिझ्यूची संत तेरेजा म्हणून ओळखतो, तीच.

शंका घेणारे नव्हते असे नाही. जर्मनीत फादर हेर्मान ग्रूबर या येशूसंघीयाने आणि कोलोनच्या कॅथलिक वृत्तपत्राने हा बनाव असल्याचे सांगितले. 1896 च्या सप्टेंबरात ट्रेंट येथे भरलेल्या फ्रीमेसनविरोधी परिषदेत जर्मन धर्मगुरूंनी डायनाच्या अस्तित्वाचा पुरावा मागितला. पण टाळ्या टॅक्सिललाच पडल्या. पुरावा मागणारा हा श्रद्धेत कमी, असे वातावरण तेथे होते.

अखेर 19 एप्रिल 1897 रोजी, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, पॅरिसच्या भूगोल संस्थेच्या सभागृहात टॅक्सिल व्यासपीठावर चढला. डायना येईल म्हणून लोक जमले होते. पडद्यावर दाखवले गेले ते लिझ्यूहून आलेले छायाचित्र. मग त्याने शांतपणे सांगितले, की बारा वर्षे आपण सगळ्यांची थट्टा केली. पॅलेडियम नाही, सैतानाची सभा नाही, डायना हे आपल्या टंकलेखिकेचे नाव. संतप्त श्रोत्यांतून त्याला पोलिसांच्या संरक्षणात बाहेर काढावे लागले.

तेरेजाने डायनाच्या नावाने आलेले पत्र फाडून उकिरड्यावर टाकले. ती तेव्हा क्षयाने खंगत होती आणि श्रद्धेच्या घोर अंधारातून जात होती. त्याच वर्षीच्या जूनमध्ये तिने आपल्या आत्मवृत्तात श्रद्धाहीनांना बंधू मानले आणि त्यांच्या पंगतीला बसून त्यांच्यासाठी प्रार्थना करण्याची तयारी दाखवली. फसवल्या गेलेल्या माणसाने फसवणाऱ्यांशी मनाने कसे वागावे, याचा याहून मोठा धडा मला ठाऊक नाही.

टॅक्सिलचे यश कशात होते? लोक भोळे होते, हे उत्तर अपुरे आहे. म्यूरिन भोळे नव्हते. शत्रूविषयी जे वाईट ऐकावेसे वाटत होते, नेमके तेच त्याने ऐकवले. उत्सुक कानाला साक्षीदाराची उलटतपासणी सुचत नाही. बारा वर्षे पुष्कळ प्रामाणिक कॅथलिकांनी आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष दिली, आणि ती धर्मसेवा समजून दिली. आठव्या आज्ञेचा हा भंग टॅक्सिलच्या एकट्याच्या खाती मांडता येणार नाही. शिवाय कबुलीने असत्य मेले नाही. पाइक यांच्या तोंडी घातलेले सैतानस्तुतीचे बनावट उतारे आजही खरे म्हणून फिरत असतात.

हे सारे आज आठवण्याचे कारण उघड आहे. 1990 च्या दशकात अमेरिकेत 'लँडोव्हर बॅप्टिस्ट चर्च' या अस्तित्वात नसलेल्या चर्चचे संकेतस्थळ निघाले. तेथील अहंमन्य प्रवचने हे निखळ विडंबन; तरीही ती खरी समजून लोक संतापाची पत्रे पाठवीत राहिले. 2000 साली 'द ओनियन' या विनोदी वृत्तपत्राने हॅरी पॉटर वाचून मुले सैतानपूजक होत असल्याची काल्पनिक बातमी दिली; ती अनेक ख्रिस्ती कुटुंबांनी धास्तावून एकमेकांना पाठवली. 2005 साली नेथन पो याने एक निरीक्षण मांडले. लिहिणारा हसतो आहे अशी खूण नसेल, तर कडव्या मताचे विडंबन कोणाला तरी खरे वाटणारच, असा त्याचा आशय. 2013 मध्ये तर तिसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि पोप फ्रान्सिस यांनी नरक नाही, सर्व धर्म सत्य आहेत असे घोषित केले, ही एका विडंबनकाराची कल्पना जगभर बातमी म्हणून पसरली. कोणी त्यावर आनंदले, कोणी हळहळले. अशी परिषद भरलीच नव्हती, हे पाहण्याची तसदी थोड्यांनीच घेतली.

या देशात आपण मूठभर आहोत. आपल्या श्रद्धेचे विडंबन उद्या कोणी आपली खरी श्रद्धा म्हणून शेजाऱ्यांपुढे ठेवले, तर शेजाऱ्याने आधी आपल्याला विचारावे, अशी आपली अपेक्षा राहील. तीच वागणूक आपण इतरांना देतो का? बिरुया येथील लोकांनी प्रत्यक्ष पौलाचा उपदेशही शास्त्राशी ताडून पाहिला, आणि त्याबद्दल प्रेषितांची कृत्ये त्यांचा गौरवच करतात. ताडून पाहणे हा अविश्वास नव्हे. विशेषतः जी वार्ता वाचताना दुसऱ्याच्या दोषाने आपल्याला सुख होते, ती पुढे पाठवण्यापूर्वी बोट क्षणभर थांबवावे आणि बोलणाऱ्याचा पोशाख पाहून घ्यावा. आमच्या जत्रेतला पाचसात वर्षांचा पोरही संकासुराला ओळखतो.