एक्याऐंशी पाकळ्यांचा हिंवाळा

उत्तर चीनमध्यें हिंवाळ्यांत घरोघर एक चित्र रंगविण्याची जुनी चाल आहे, आणि त्यांतील कुंचला बहुधा मुलांच्या हातीं असतो. चित्र अगदीं साधें. मेइ नांवाच्या झाडाची एक फांदी कागदावर रेखलेली असते. तिच्यावर नऊ फुलें व प्रत्येक फुलास नऊ पाकळ्या. रंग मात्र कोठेंच नाहीं. वर्षांतील सर्वांत लहान दिवशीं, म्हणजे डिसेंबरच्या २२ तारखेच्या सुमारास, हा कागद भिंतीवर लावावयाचा आणि त्या दिवसापासून रोज एक पाकळी तांबड्या रंगानें भरावयाची; एकाहून अधिक नाहीं. एक्याऐंशीवी पाकळी भरेपर्यंत मार्चचा दुसरा आठवडा उजाडतो आणि थंडी सरली असें मंडळी समजतात. या चित्राच्या चिनी नांवाचा अर्थ ‘नऊ नव्वांचें शीतनिवारण’ असा कांहींसा होईल.

मेइचें खरें फूल पांच पाकळ्यांचें असतें, आणि तें ऐन थंडींत फुलतें. ज्या चित्रकारांनीं शतकानुशतकें हें फूल रंगविलें त्यांस त्याच्या पाकळ्या मोजतां येत नव्हत्या असें कोण म्हणेल? पण येथें झाडापेक्षां गणिताचा मान मोठा. चिनी समजुतीप्रमाणें विषम अंक हे ‘यांग’चे, म्हणजे उष्णतेचे व प्रकाशाचे, त्यांत नऊ सर्वांत मोठा. नऊ वेळां नऊ झाले कीं उष्णता परत येणारच! ही मोजणी चित्राहून पुष्कळ जुनी आहे. त्सुंग लिन यानें सहाव्या शतकांत यांगत्सीच्या मध्य खोऱ्यांतील सणवारांविषयीं जो ग्रंथ लिहिला, त्यांतच या एक्याऐंशी दिवसांचा उल्लेख आहे.

चित्राचा माग चौदाव्या शतकांत लागतो. यांग युन्फू या कवीनें आपल्या कवितेवरील टीपेंत सांगितलें आहे कीं, स्त्रिया खिडकीवर मेइची फांदी चिकटवीत आणि रोज सकाळीं शृंगार करतांना ओठांच्याच लालीनें एक ठिपका देत. एक्याऐंशी ठिपके पुरे झाले म्हणजे शुभ्र मेइची फांदी जर्दाळूच्या गुलाबी मोहरासारखी दिसूं लागे. कल्पना मोठी गोड आहे खरी, परंतु ती उबेंत बसलेल्यांची. ज्याच्या घरीं शेगडींत कोळसा नाहीं त्याला दिवस मोजण्यास लाली लागत नाहीं.

म्हणूनच आम्हांस या चित्राचा दुसरा, कमी देखणा प्रकार अधिक मोलाचा वाटतो. ल्यू तुंग व यू यीचंग यांनीं १६३५ सालीं पेकिंग शहराचें जें वर्णन प्रसिद्ध केलें, त्यांत पाकळ्यांच्या चित्राबरोबर नऊ-नऊ वर्तुळांच्या नऊ पुंजक्यांचे छापील कागदही येतात. ते बाजारांत विकले जात, आणि सोबत थंडीच्या चढउताराचें एक गाणें छापलेलें असे. या वर्तुळांत पुढें हवामान टिपण्याची रीत पडली. आभाळ असेल तर वरचा भाग काळा करावयाचा, ऊन असेल तर खालचा. वारा डावीकडे, पाऊस उजवीकडे, आणि बर्फ पडलें तर मध्यभागीं. या खुणांवरून येत्या वर्षींचें पीक कसें येईल याचा अदमास बांधीत. तो किती खरा ठरे हा प्रश्न वेगळा. पण ज्या मुलाला वर्तुळ भरावयाचें त्याला आधीं दाराबाहेर डोकावून आकाश पाहावें लागे. पाकळी आंधळेपणानेंही रंगवितां येते, वर्तुळ येत नाहीं.

आणि दोहोंतही मुलाची खरी कसोटी एकच. रंगविण्याचें काम क्षणभराचें. बाकीचा दिवस कुंचला खालीं ठेवून काढावयाचा. एका दुपारींच सगळ्या पाकळ्या भरल्या, तर हातीं एक सुरेख चित्र राहील, पण बाहेरची थंडी तेवढीच उरेल.

तिसरा प्रकार राजवाड्यांतला. दाओग्वांग बादशहाच्या नांवावर (कारकीर्द १८२० ते १८५०) नऊ अक्षरांचें एक वाक्य सांगतात. अंगणांतील विलोची झाडें वसंतवाऱ्याची वाट पाहत आहेत, असा त्याचा भाव. प्रत्येक अक्षर नऊ फटकाऱ्यांचें. रोज एक फटकारा पोकळ रेषेंत भरावयाचा. पुढें शाळकरी मुलांना अक्षर वळविण्यासाठीं हा कागद फार सोयीचा झाला. फुलाच्या जागीं कित्ता आला याचें आम्हांस थोडें वाईट वाटतें. पंतोजी कोठल्याही देशाचे असोत, खेळांतून ते धडा काढल्यावांचून राहत नाहींत.

चीनच्या शाळांतून हे तिन्ही प्रकार आज पुन्हां दिसतात. सूर्याच्या गतीवरून वर्षाचे चोवीस भाग करण्याची चिनी पद्धत २०१६ सालीं युनेस्कोच्या यादींत आली, तेव्हांपासून त्यांकडे अधिकच लक्ष गेलें आहे. बादशहाच्या वाक्यांत मात्र एक अडचण उभी राहिली. १९५६ सालीं चीन सरकारनें लिपी सोपी केली, तींत ‘वारा’ या अक्षराचे नऊ फटकारे जाऊन चारच उरले. म्हणून त्या अक्षरापुरतें मुलांना पणजोबांचें जुनें वळण गिरवावें लागतें. नाहींतर वसंत पांच दिवस आधींच येऊन ठेपेल.