मुंबईची हरवलेली ३९ मिनिटे

१/ मुंबईत मोकळ्या जागी काठी रोवून तिची सावली पाहावी. घड्याळात १२ वाजतात, तरी सावली अजून आखूड होतच असते. ती सर्वांत लहान होते सरासरीने १२ वाजून ३९ मिनिटांनी. ऋतूप्रमाणे ही वेळ सुमारे पंधरा मिनिटे मागेपुढे होते. या ३९ मिनिटांसाठी एके काळी मुंबई सरकारशी भांडली होती.

२/ हिशेब सोपा आहे. पृथ्वीला एक रेखांश फिरण्यास ४ मिनिटे लागतात. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते. मुंबई आहे सुमारे ७२.८ अंशांवर. फरक ९.७ अंशांचा, म्हणजेच ३९ मिनिटांचा.

३/ पूर्वी हा प्रश्नच नव्हता. सूर्य ज्या गावी डोक्यावर येई, त्या गावी तेव्हा मध्यान्ह. आगगाडी आणि तारायंत्र आले आणि गावोगावच्या वेगळ्या वेळा अडचणीच्या ठरल्या. १७९२ साली स्थापन झालेल्या मद्रासच्या वेधशाळेची वेळ रेल्वेने स्वीकारली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा अर्धा तास पुढे होती. स्थानकात एक वेळ, शहरात दुसरी, असा व्यवहार सुरू झाला.

४/ १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईतील सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लागू केली. शहराने ती मनावर घेतली नाही. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावे उभारलेल्या राजाबाई मनोऱ्यावरील घड्याळही मुंबईचीच वेळ दाखवत राहिले. त्या घड्याळाच्या दिवाबत्तीचा खर्च देण्यास सरकारने नकार दिला, तरी विद्यापीठ बधले नाही. अखेर दोन वर्षांतच सरकारने माघार घेतली.

५/ दुसरा प्रयत्न १ जानेवारी १९०६ रोजी झाला. ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली भारतीय प्रमाणवेळ अमलात आली. मुहूर्त मात्र वाईट होता. अवघ्या अडीच महिन्यांपूर्वी बंगालची फाळणी झाली होती आणि स्वदेशीची चळवळ पेटली होती. अशा वेळी वरून आलेला घड्याळाचा हुकूमही राजकीय ठरला.

६/ गिरणगावात तर प्रश्न झोपेचा होता. विजेच्या दिव्यांमुळे गिरण्यांचे तास आधीच लांबले होते. नव्या वेळेने भोंगा तोच आकडा धरून वाजला, तर कामगाराला सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी घराबाहेर पडावे लागणार होते. जानेवारी १९०६ मध्येच हजारो गिरणी कामगारांनी काम नाकारले, गिरण्यांवर दगडफेक केली आणि घड्याळे फोडली. कचेरीतल्या साहेबाला जी केवळ काट्यांची सुधारणा वाटत होती, तिची किंमत कामगार पहाटेच्या अंधारात मोजणार होता.

७/ त्याच वर्षी महानगरपालिकेने आपल्या घड्याळांसाठी पुन्हा मुंबईची वेळ पत्करली. पुढे कित्येक दशके शहरात दोन वेळा नांदल्या. भेट ठरवताना ‘मुंबई टाइम की स्टँडर्ड टाइम?’ हे विचारून घ्यावे लागे. स्वातंत्र्यानंतर परक्या सत्तेविरुद्धचे ते कारण उरले नाही आणि काही वर्षांत मुंबईची वेळ मावळली.

८/ एका देशाला एक वेळ हवी, हे खरेच. तिच्यावाचून रेल्वेचे वेळापत्रकही जुळत नाही. पण ती वेळ कोणी ठरवावी आणि तिचा भार कोणी सोसावा, हे गणित रेखांशाने सुटत नाही. सूर्याने तर प्रमाणवेळ आजही मानलेली नाही. नागपुरात तो माथ्यावर येतो तो मुंबईच्या सुमारे २५ मिनिटे आधी. राज्य एक, घड्याळ एक आणि मध्यान्ह मात्र दोन!