तळटीप १४ : ‘दाखलपूर्व’ चलान

१४. चलान म्हणजे वाहतुकीचा नियम मोडल्याबद्दलची दंडाची नोटीस. पूर्वी हवालदार रस्त्यावरच पावती फाडत. आता ई-चलानचा संदेश मोबाइलवर येतो. गाडीच्या क्रमांकातील ‘एमएच २२’ ही परभणीची नोंदणी. गाडीचा क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक घातले की महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर थकबाकी दिसते.

थकलेले चलान राष्ट्रीय लोकअदालतीत ‘दाखलपूर्व’ म्हणून ठेवता येते. खटला अजून कोर्टात उभा राहिलेला नसतो. म्हणूनच मजकुरातील शेतकऱ्याला गंगाखेडच्या कोर्टाच्या दफ्तरात आपले नाव सापडत नाही. एवढी गोष्ट खिडकीवर कुणी समजावली, तर मजुरी बुडवून घातलेली खेप वाचते.

तडजोडीनंतरचा निवाडा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७च्या कलम २१नुसार अंतिम. त्यावर अपील नाही.