शिकागोचा उतार : मलनिःसारणातील गुरुत्व आणि दाब

मलनिःसारणाच्या इतिहासात यंत्रापेक्षा उताराचा अंमल अधिक काळ चालला. गुरुत्ववाहिनीत मैला स्वतःच्या भाराने वाहतो. मात्र गाळ साचू नये म्हणून प्रवाहाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटर राहील इतका उतार द्यावा लागतो. सपाट भूमीवर तो आणायचा कोठून, हा प्रश्न शिकागोसमोर उभा राहिला.

मिशिगन सरोवराकाठचे हे शहर पाण्याच्या पातळीहून जेमतेम काही फूट उंच होते. १८५४ मध्ये पटकीने तेथे चौदाशेच्या आसपास बळी घेतले. १८५५ मध्ये अभियंता एलिस चेस्बरो यांची नियुक्ती झाली. वाहिन्या खोल नेणे शक्य नसल्याने त्या जवळजवळ पृष्ठभागावरच टाकून वर भराव घालावा, म्हणजे रस्तेच उंच करावेत, अशी योजना त्यांनी मांडली. पुढे इमारतीही जॅकस्क्रूंनी उचलल्या गेल्या. १८६१ मध्ये ट्रेमाँट हाऊस हे हॉटेल पाहुण्यांसह उचलले गेले, ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्या रंजकतेत एक गोष्ट झाकली जाते : इमारत उचलण्याचा खर्च मालकाचा होता. ज्यांना तो पेलला नाही त्यांची घरे रस्त्याखाली राहिली. पिल्सेन भागात ती आजही दिसतात.

सुमारे शतकानंतर हार्वर्डचे प्राध्यापक गॉर्डन फेअर यांनी उताराविना विचार केला. जुन्या शहरांत मैला व पावसाचे पाणी एकाच वाहिनीतून जाई आणि अतिवृष्टीत नदीत सांडे. त्या वाहिनीच्या आतूनच बारीक दाबनलिका ओवावी व घरोघरचा मैला बारीक करून पंपाने तीत ढकलावा, अशी ही कल्पना. अमेरिकेतील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने १९६० च्या दशकात तिचा अभ्यास केला. जुन्या शहरांत ती परवडणारी ठरली नाही. परंतु त्यातून पुढे आलेला ग्राइंडर पंप खडकाळ, डोंगराळ आणि सरोवरकाठच्या विरळ वस्त्यांत रुजला. तेथे बारीक नळी जमिनीच्या चढउतारांबरोबर उथळ चरातून जाते.

अभियांत्रिकी लेखनात ही तुलना बहुधा खोदाईच्या बचतीपाशी थांबते. प्रस्तुत लेखकास ती अपुरी वाटते. गुरुत्ववाहिनीलाही सखल भागी उदंचन केंद्र लागते, हे खरे. पण ते सार्वजनिक असते. दाबपद्धतीत यंत्र प्रत्येक अंगणात येते. वीज गेली तर टाकी भरेपर्यंतचीच सवड मिळते. काही ठिकाणी पंपाची मालकी व देखभाल स्थानिक संस्थेकडे आहे, तर काही ठिकाणी दोन्ही घरमालकावर सोपविलेली आहेत.