लॅपटॉपच्या कडेचा इतिहास

नवा लॅपटॉप घ्यायचा ठरला की आपल्या घरांतून साधारण एकाच प्रकारची चर्चा होते. प्रोसेसर कुठला, मेमरी किती, पडदा केवढा आणि थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये कितीला मिळेल! त्याच्या डाव्या-उजव्या कडेला कुठली भोकं आहेत, हे मात्र फारसं कोणी बघत नाही. खोकं घरी येतं, आणि मग लक्षात येतं की प्रिंटरची वायर बसत नाही, कॅमेऱ्याचं कार्ड जात नाही आणि टीव्हीला जोडायला आणखी एक डोंगल मागवावं लागणार आहे.

गेली तीसेक वर्षं मी या देशात संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतो आहे. मला विचाराल तर लॅपटॉपचा खरा इतिहास त्याच्या पोटात नाही, कडेला लिहिलेला आहे. कुठलं भोक ठेवायचं आणि कुठलं बुजवायचं, या निर्णयांचा तो इतिहास आहे. आणि आपल्यासारख्या, अर्धं घर इथे आणि अर्धं तिथे असलेल्या मंडळींचा त्याच्याशी वाटतो त्याहून जवळचा संबंध आहे.

सुरुवात टेबलावरच्या संगणकापासून करू या. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीच्या आत पाच स्लॉट होते. नवी सोय हवी असली की झाकण उघडायचं, स्लॉटमध्ये एक पट्टी खोचायची, काम झालं. म्हणजे संगणक विकत घेताना पुढे काय काय लागेल याचा विचार करायची गरज नव्हती. लॅपटॉपने ही चैन काढून घेतली. मांडीवर मावणाऱ्या यंत्रात पट्ट्यांना जागा कुठली? त्यामुळे गिऱ्हाईकाला काय लागेल, याचा अंदाज कारखान्यातच बांधायची वेळ आली.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा लॅपटॉप आठवतो का पाहा. मागच्या बाजूला मोडेमसाठी नऊ पिनांचा सीरियल पोर्ट, प्रिंटरसाठी पंचवीस पिनांचा पॅरलल पोर्ट, बाहेरच्या पडद्यासाठी पंधरा पिनांचा व्हीजीए, आणि माउससाठी लहानसा गोल पीएस/२. यांतला सीरियलचा आरएस-२३२ हा नियम १९६० सालचा, तर पॅरलल पोर्टचं मूळ १९७०च्या सुमाराच्या सेंट्रॉनिक्स कंपनीच्या प्रिंटरमध्ये. व्हीजीए आणि पीएस/२ दोन्ही १९८७ची, आयबीएमच्या घरची. प्रत्येक कामाला वेगळं भोक, प्रत्येक भोकाला वेगळी वायर. बारा बलुतेदारांसारखी ज्याची त्याची कामं ठरलेली!

या गर्दीतून सुटायचा पहिला शहाणा मार्ग म्हणजे पीसीएमसीआयए. १९८९ साली संगणक कंपन्यांनी एकत्र येऊन स्थापन केलेली ही संस्था. तिचं नाव इतकं अवघड, की त्या आद्याक्षरांचा अर्थ ‘संगणकवाल्यांची लघुरूपं लोकांच्या लक्षात राहत नाहीत’ असा आहे, हा विनोद आमच्या क्षेत्रात फार चालायचा. पुढे तिच्या कार्डाला सुटसुटीत ‘पीसी कार्ड’ म्हणू लागले. लांबी ८५.६ मिलिमीटर, रुंदी ५४ मिलिमीटर, म्हणजे अगदी क्रेडिट कार्डाएवढं, फक्त जाडीला जास्त. आत ६८ पिना.

१९९०च्या पहिल्या आवृत्तीत हा स्लॉट केवळ जादा मेमरी बसवण्यासाठी होता. १९९१च्या दुसऱ्या आवृत्तीत इतर उपकरणांनाही त्यात प्रवेश मिळाला, आणि चित्रच पालटलं. मोडेम, नेटवर्क, आवाज, जे हवं त्याचं कार्ड आणा आणि खोचा. माझ्या पहिल्या लॅपटॉपला असे दोन स्लॉट होते. एकात मोडेम, दुसऱ्यात नेटवर्क कार्ड, आणि त्या कार्डाची नाजूक शेपटी मोडू नये म्हणून जिवापाड जपणूक!

पण या स्लॉटची खरी थोरवी नंतर कळली. १९९९ साली ८०२.११बी हा नियम आला आणि बिनतारी नेटवर्क सर्वसामान्यांच्या आवाक्यात आलं. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी बनलेल्या लॅपटॉपला वाय-फाय म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. तरीही एक कार्ड खोचून तो बिनतारी झाला. १९९५च्या सुमारास या स्लॉटची ‘कार्डबस’ ही वेगवान आवृत्ती आली होती. ती असलेल्या लॅपटॉपला तर पुढे निघालेले यूएसबी २.० आणि फायरवायरही असेच जोडता आले. पोर्ट म्हणजे आजच्या गरजेचं उत्तर. स्लॉट मात्र ज्या गरजा अजून जन्मालाच आल्या नाहीत, त्यांच्यासाठी राखून ठेवलेली जागा. आपल्याकडे पंगतीत अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी एक पान जास्त मांडतात ना, तसं.

दुसरा मार्ग होता सगळ्यांसाठी एकच भोक करण्याचा. तो म्हणजे यूएसबी. या गोष्टीत आपल्या ओळखीचं एक गाव येतं. इंटेलमध्ये यूएसबीच्या कामात पुढे असलेले अजय भट्ट हे बडोद्याचे. आपल्या सयाजीराव महाराजांच्या नावाच्या तिथल्या विद्यापीठातून पदवी घेऊन ते अमेरिकेत आले आणि १९९० साली इंटेलमध्ये रुजू झाले. घरी पत्नीला प्रिंटर वापरताना होणारा त्रास पाहून ‘हे इतकं अवघड का असावं?’ हा प्रश्न पडला, असं त्यांनी मुलाखतींत सांगितलं आहे. अर्थात हे एकट्याचं काम नव्हे. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डेक, एनईसी आणि नॉर्टेल अशा सात कंपन्या त्यात होत्या. जानेवारी १९९६मध्ये पहिली आवृत्ती जाहीर झाली. २००९ साली इंटेलने भट्टांना ‘रॉक स्टार’ दाखवणारी टीव्हीवरची जाहिरात केली, ती पुष्कळांना आठवत असेल. त्यात भट्ट स्वतः नव्हते. त्यांची भूमिका करणाऱ्या नटाचं नाव सुनील नारकर. हे आडनाव कळल्यावर आमच्या घरात कान टवकारले गेले, हे सांगायला नकोच.

यूएसबीची सुरुवात काही झोकात झाली नाही. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या देखत त्यांच्या सहकाऱ्याने विंडोज ९८च्या संगणकाला यूएसबीचा स्कॅनर जोडला, आणि भर सभेत पडदा निळा पडला! पण त्याच वर्षी ॲपलने आयमॅक काढला. त्यात जुने सीरियल आणि स्कझी पोर्ट काढून टाकून उपकरणांसाठी फक्त यूएसबी ठेवलं. मग प्रिंटर आणि स्कॅनर बनवणाऱ्यांना त्याकडे वळावंच लागलं. यूएसबी दोन्ही बाजूंनी बसेल असं का केलं नाही, हे भट्टांना नेहमी विचारलं जातं. त्यांचं उत्तर हिशेबी आहे. तसं केलं असतं तर तारा दुप्पट लागल्या असत्या, खर्च वाढला असता, आणि त्या काळात तो कोणी सोसला नसता.

यूएसबी जसजसं वेगवान झालं, २००० साली सेकंदाला ४८० मेगाबिट आणि २००८ साली ५ गिगाबिट, तसतशी स्लॉटची गरज कमी वाटू लागली. वाय-फायही २००३च्या इंटेल सेंट्रिनोपासून लॅपटॉपच्या पोटातच येऊ लागलं. त्याच वर्षी पीसी कार्डाचा वारस म्हणून ‘एक्स्प्रेसकार्ड’ आलं. पण जुनी कार्डं त्यात बसत नव्हती आणि नवी फारशी कोणी घेतली नाहीत. जून २००९मध्ये ॲपलने १५ इंची मॅकबुक प्रोमधून ते काढलं आणि त्याजागी कॅमेऱ्याच्या एसडी कार्डाची खाच दिली. पुढे पीसीएमसीआयए ही संस्थाही विसर्जित झाली.

आता येतो तो जिव्हाळ्याचा भाग. १९९५च्या सुमारास दोन गोष्टी सोबतच आल्या. मिनीडीव्ही ही व्हिडिओची लहान कॅसेट, आणि आयट्रिपलई १३९४ हा जोडणीचा नियम. त्यालाच ॲपल फायरवायर म्हणे आणि सोनी आयलिंक. मिनीडीव्हीच्या चित्राला सेकंदाला सुमारे २५ मेगाबिट लागतात, आणि त्या वेळच्या यूएसबीची धाव १२ मेगाबिटपर्यंतच होती. म्हणून कॅमकॉर्डरवर फायरवायर आलं. पुढे काही कॅमेऱ्यांना यूएसबीही मिळालं, पण बहुतेकांत ते फोटो उतरवण्यापुरतं. कॅसेटवरचं चित्रण जसंच्या तसं हवं, तर वाट फायरवायरचीच.

आणि नेमकी हीच वाट बुजत गेली. ऑक्टोबर २००८च्या नव्या मॅकबुकमधून फायरवायर काढलं, गिऱ्हाइकांनी आरडाओरडा केला, आणि जून २००९च्या १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये ते परत आलं. पण हा विजय तात्पुरता ठरला. ते असलेला शेवटचा मॅक लॅपटॉप २०१२चा, त्याची विक्री २०१६मध्ये थांबली. विंडोजच्या लॅपटॉपांवरूनही चार पिनांची ती लहानशी खाच नाहीशी झाली. २०२५च्या मॅकओएस टाहोमध्ये तर फायरवायरचा आधारच काढून टाकला आहे, म्हणजे ॲडॅप्टरला ॲडॅप्टर जोडूनही तिथे उपयोग नाही.

आमच्याकडे अशा चौदा कॅसेट होत्या. २००२च्या मे महिन्यात राजापूरला गेलो होतो, त्यांतल्या एकीवर वडील अंगणात फणस फोडताहेत, हाताला खोबरेल लावून, आणि नातवाला गरे कसे काढायचे ते सांगताहेत. वडील २००९ साली गेले. त्यांचा चालता-बोलता आवाज तेवढ्या एका कॅसेटवर आहे. माळ्यावर एक जुना लॅपटॉप होता, कडेला चार पिनांची खाच असलेला. तो चालू झाला म्हणून ते सगळं उतरवता आलं. तासाच्या कॅसेटला पूर्ण तासच लागतो, घाई करता येत नाही. चौदा संध्याकाळी आम्ही घरातले सगळे त्या पडद्यासमोर बसून होतो. नातू आता तिशीला आला आहे. त्याला गरे काढता येत नाहीत, पण आजोबांचा आवाज आता त्याच्या फोनमध्ये आहे.

तेव्हा एखादं भोक बुजतं, तेव्हा त्याच्यापलीकडचं सगळंच हळूहळू आपल्या हाताबाहेर जातं. कंपनी निर्णय घेते ती बहुसंख्य गिऱ्हाईक काय वापरतं ते पाहून. आपल्या माळ्यावर काय आहे, हे तिला कसं कळणार? ते आपणच बघायचं.

२०१४ साली यूएसबी-सी आलं. २४ पिना, कुठल्याही बाजूने बसणारं. चार्जर, पडदा, डिस्क सगळं एकातच. २०१६च्या मॅकबुक प्रोवर हेडफोन सोडला तर याच आकाराचे पोर्ट उरले होते. पाच वर्षांनी, २०२१मध्ये, एचडीएमआय आणि एसडी कार्डाची खाच परत आली. युरोपीय संघाने तर कायदाच केला: फोनना २८ डिसेंबर २०२४पासून आणि लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६पासून चार्जिंगसाठी हेच भोक. सोय मोठी आहे, पण दिसतं तसं नसतं. सारख्याच दिसणाऱ्या दोन भोकांपैकी एकाचा वेग ४८० मेगाबिट असू शकतो आणि दुसऱ्याचा ४० गिगाबिट. एकातून पडदा चालतो, दुसऱ्यातून नाही. म्हणून आकार बघून भागत नाही, माहितीपत्रकातली बारीक अक्षरं वाचावीच लागतात.

स्लॉटची जुनी कल्पनाही पुन्हा उगवली आहे. फ्रेमवर्क नावाच्या कंपनीने २०२१ साली काढलेल्या लॅपटॉपला चार खोबणी आहेत. त्यांत यूएसबी, एचडीएमआय, मायक्रोएसडी, जे हवं ते गिऱ्हाइकाने स्वतः बसवायचं, गरज बदलली की बदलायचं. तीस वर्षांनी पंगतीतलं ते जास्तीचं पान पुन्हा मांडलं गेलं, याचा मला मनापासून आनंद झाला.

तर मंडळी, पुढचा लॅपटॉप घेण्याआधी दुकानात जाण्यापूर्वी घरातला खण उघडा. कुठल्या वायरी रोज लागतात, कुठल्या वर्षातून एकदा, आणि कुठल्या फक्त एकदाच पण नक्की लागणार आहेत, अशा तीन याद्या करा. रोजच्यासाठी लॅपटॉपवरच पोर्ट असू द्या. वर्षातून एकदाच्यासाठी डोंगल पुरे. तिसरी यादी मात्र पुढच्या लॅपटॉपवर ढकलू नका, ते काम यंदाच उरका.

हे मंडळालाही लागू आहे. जुन्या गणेशोत्सवांची, नाटकांची, मुलांच्या पहिल्या भाषणांची चित्रणं अनेक घरांतून मिनीडीव्हीवर पडून आहेत. ते कॅमेरेही आता बनत नाहीत. एक चालू कॅमकॉर्डर आणि फायरवायरचा एक जुना लॅपटॉप मंडळाने जपून ठेवावा आणि सभासदांना आळीपाळीने वापरायला द्यावा, असं मी सुचवतो. माझा लॅपटॉप मी त्यासाठी देतो. कॅमेरा कोणाकडे आहे?